जो बोलला, तो सुटला

लाईन बंद पडली की बाई हेडफोन एका कानावरून मागे सारायच्या, पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "जो बोलला तो सुटला. जो गप, तिथं पाणी मुरून राहिलं!"

एसटीडी यायच्या आधीची गोष्ट. नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये आम्ही वीसएक जणी गावोगावचे कॉल जोडून द्यायचो. पण कॉल वाटेत नेमका कुठे अडला, हे शोधावं आमच्यातल्या सर्वांत जुन्या या बाईंनीच. गडचिरोली उत्तर देईना, तर तुम्ही-आम्ही म्हणू, गडचिरोली बंद. बाई आधी उमरेडला हाक मारायच्या, मग भिवापूरला, मग नागभीडला. "ऐकून राहिला का गा?" "बोला बाई." की ते गाव सुटलं, पुढचं गाव. साहेबांचे नकाशे कपाटात असत, बाईंचे तोंडात.

मी तिथे लागले तीही बाईंमुळेच. तेव्हा मी गडचिरोलीला आत्याकडे होते आणि बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात. ऑपरेटरच्या मुलाखतीचा कागद बाबांच्या क्वार्टरवर पोचला तो आदल्या दिवशी! बाबा बसने थेट एक्स्चेंजवर आले. साहेब म्हणाले, "गडचिरोली बंद आहे. उद्या या."

"उद्या येऊन ते काय करतीन, साहेब? पोरीची नोकरी जाईन ना!" बाई म्हणाल्या आणि बोर्डावर बसल्या.

उमरेड बोललं. भिवापूर बोललं. नागभीड गप्प. बाईंनी वाटच बदलली: वर्धा, चंद्रपूर, मूल. आणि बंद असलेलं गडचिरोली चक्क बोललं! पण आवाज इतका बारीक की बाबांना अक्षर कळेना. मग निरोप एका एक्स्चेंजने दुसऱ्याला ओरडून सांगितला. बाईंनी तो गडचिरोलीकडून परत म्हणवून घेतला, तर उलट्या वाटेने आलं, "उद्या संध्याकाळी सहाला."

"सहा नाही रे बाप्पा! सकाळी दहा! एकावर शून्य!"

गडचिरोलीच्या शिपायाने सायकलवर आणलेल्या चिठ्ठीत तेच होतं: 'दहा. एकावर शून्य.' मिळेल ती एसटी पकडून मी वेळेत पोचले. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

पुढे कळलं, नागभीडच्या केबलमध्ये खरोखरच पाणी शिरलं होतं. साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "मग मी काय म्हणून राहिली होती?" मला तर तेव्हा असं वाटलं, की शाबासकी मलाच मिळाली.

बाई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागेवर मला बसवलं. याहून मोठा मान मला आयुष्यात मिळाला नाही. त्यांचाच हेडफोन कानाला लावला, तर पहिली हाक उमरेडची.

"नागपूर? आज बाई नाही आल्या का?"

सांगायला तोंड उघडलं, पण आधी पदराने डोळेच पुसावे लागले.

पलीकडे उमरेडवाला भिवापूरला सांगत होता, "नागपूर गप हाय गा. पाणी तिथंच मुरून राहिलं."