स्कॅनर चालंना, पावणं उठंना

माझ्या भावाची पोरगी त्रिशला म्हंजे नुसता फटाका! घराच्या पुढच्या खोलीत तिचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. बघायला येणारा प्रत्येक पावणा म्हणायचा, लग्न झालं की दुकान बंद. ही म्हणायची, मग तुम्ही निघा की! माझ्या जिवाला नुसता घोर.

२००३ साली मी शिरोळचं स्थळ आणलं. पोरगा वृषभ, कॉम्प्युटर शिकलेला. त्रिशलाला बजावलं, आज तोंड उघडलंस तर बघ.

चहा झाला. वृषभच्या आईनं विचारलं, "पोरी, काय काय येतंय?"

"सगळं येतंय. पण माझा स्कॅनर बंद पडलाय. त्याची सीडी विंडोज अठ्ठ्याण्णवची, कॉम्प्युटर नवा, एक्सपीचा. तुमच्या मुलाला जमतंय का?"

अगं बया! मी कपाळाला हात लावला. वृषभ मात्र बाह्या सारून थेट दुकानातल्या टेबलाखाली. त्रिशला बॅटरी धरून शेजारी. कॉम्प्युटर बंद, चालू, परत बंद. एक्सपी त्या सीडीला काय दाद देईना.

दुपारची संध्याकाळ झाली. आम्ही जैन माणसं, दिवस मावळला की अन्नाला शिवत न्हाय. पानं वाढली. मी हाका मारून दमले, आतनं नुसतं "आलोच की आत्या!" आणि दोघांचं खिदळणं. शेवटी बाकीच्यांनी उरकून घेतलं. वृषभच्या आईचं तोंड पुरीगत फुगलं. गेलं हे पण स्थळ!

दिवस मावळला आणि आतनं स्कॅनरचा घर्र आवाज आला. त्रिशला उड्या मारायला लागली. वृषभ बाहेर आला, केसांत जळमटं.

"एक्सपीला न्हाय जमलं. म्हणून त्याच मशिनीत अठ्ठ्याण्णवबी घातलं. चालू करताना कुठलं पायजे ते विचारतंय."

एका घरात दोन सवती! मला हसू आवरंना.

त्याची आई उखडली. "उपाशी राबलास! लग्नानंतर बंदच करायचं दुकान हाय न्हवं हे?"

"बंद कोण करतंय?" वृषभ म्हणाला.

त्रिशला लाजून स्वयंपाकघरात पळाली. आयुष्यात पहिल्यांदा! मी डोळं पुसत तिच्या मागनं गेले, तर वाढलेली दोन पानं तशीच.

"तू का गं जेवली न्हाईस?"

"भूकच लागली न्हाय आत्या!" आणि परत खिदळली.

वृषभची आई दारात उभी. तिनं पानं बघितली, पोरीकडं बघितलं.

"आम्ही आज ऱ्हातो," ती म्हणाली. "सकाळी दोघांस्नी एकदमच वाढा."