माक्यासाठी आडवी आलेली बाई

गारगोटीच्या रस्त्यावर मी एसटीची वाट पाहत उभा होतो. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस पाटाच्या कडेचं गाजरगवत तणनाशक मारून जाळत चालला होता. तेवढ्यात पन्नाशीतल्या एका बाईंनी स्कूटर थांबवली आणि थेट त्याच्या नळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बंद करा ते. हा माका हाय, केसांच्या तेलात घालत्यात तो."

"बाई, दोन्हीची फुलं पांढरीच की."

"पानं बघा. गाजरगवताचं पान चिरलेलं असतंय, गाजरासारखं. ह्याचं लांबट, खरखरीत. हात पुढं करा."

त्यांनी एक पान खुडून त्याच्या तळहातावर जोरात चोळलं. हिरवा रस बघता बघता काळा पडला. तो हाताकडे बघत म्हणाला, "खरं हाय. पण साहेब म्हणालेत, हिरवं दिसंल ते मारा."

बाईंचा आवाज चढला. "साहेबानं कधी वाकून बघितलंय? नाव ठाऊक न्हाय म्हणून मारायचं व्हय?"

मलाही संताप आला. इथल्या मातीतलं झाड आणि बाहेरून येऊन माजलेलं तण, दोघांना एकच शिक्षा, तीही न बघता.

बाई माक्यात पाय रोवून उभ्याच होत्या. शेवटी त्यानं नळी खाली केली. "साहेबास्नी काय सांगू?"

"सांगा, एक बाई आडवी आली."

त्यानं खरंच फोन लावून तेच सांगितलं. ते नीट ऐकून घेतल्यावरच बाई बाजूला झाल्या.