खंडेनवमीला चालू केलेलं मशीन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी बिंदुसरा नदीच्या पुलापर्यंत फिरायला जातो, त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि खरं सांगू का — तुमच्यावरही माझा पुरता विश्वास नाही. वाचून झाल्यावर तुम्ही हे कुणाकुणाला सांगाल, याचा विचार आत्ताच डोक्यात सुरू झालाय.

स्वभावच तसा आहे माझा. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो. चौथ्यांदा बघायला जिन्यावरून परत येतो. दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवतो, शेजारी हसून बोलला तर याला काय हवं असेल म्हणून रात्रभर कूस बदलतो. बायको म्हणते, तुम्ही लग्नातल्या अक्षतासुद्धा मोजून घेतल्या असतील. घरात या स्वभावाचा त्रासच झाला सगळ्यांना. नोकरीत मात्र तो माझ्या कामाला आला.

बीडजवळच्या एका कॉलेजात मी संगणक विभाग सांभाळतो. सर्व्हर बंद पडला की काय करायचं असतं? संशय घ्यायचा. वायरवर घ्यायचा, स्विचवर घ्यायचा, विजेवर घ्यायचा — आणि एकेकाला निर्दोष ठरवून सोडून द्यायचं. शेवटी जो उरेल तो गुन्हेगार. वायरवर खोटा संशय घेतला तर वायरचं काही बिघडत नाही. पण माणसावर घेतला तर?

सविता माझ्या हाताखाली लॅब सहायक होती. तिशी ओलांडलेली, वडवणीकडच्या एका खेड्यातली, आईबाप आयुष्यभर ऊसतोडीला गेलेले. भाऊ आणि भावजयही दरसाल कोयत्यावर जायचे, पण त्यांच्या दोन मुली सविताजवळ बीडला राहायच्या, शाळेत जायच्या. थोरली सातवीत होती, धाकटी चौथीत. सविताला कायम करण्याचा कागद तेव्हा प्राचार्यांच्या टेबलावर होता. ती बीडला टिकली तर मुली शाळेत राहणार. नाही टिकली तर दसऱ्यानंतर ऊसतोडीचा जो ट्रक निघतो, त्यात आईबापाबरोबर बसणार. हे मला माहीत होतं का? — होतं. तिनंच एकदा डबा खाताना सांगितलं होतं. तेव्हाही मी मनात म्हटलं होतं, ही मला हे का सांगतेय?

आता यंत्रांचं थोडं ऐका, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या वर्षी कॉलेजला चार नवे सर्व्हर आले होते. त्यांच्यात स्वतःची डिस्क नव्हती. चालू होताना ते तारेवरून हाक मारायचे — माझा पत्ता काय, आणि चालू व्हायची फाइल कुठाय? आमचं मुख्य मशीन उत्तर द्यायचं, फाइल पाठवायचं, काम सुरू. या नव्या सर्व्हरांचं फर्मवेअर, म्हणजे चालू होतानाची आतली आज्ञावली, नव्या पद्धतीचं, त्याला फाइलही नव्या पद्धतीची लागते. चुकून जुन्या पद्धतीची हातात पडली तर ते ती घेतं, बघतं आणि काही न बोलता परत मेनूवर येऊन बसतं. का बसलं ते सांगत नाही. असल्या मुक्या बिघाडाची मला भारी चीड आहे.

महिनाभर चौघं बिनबोभाट चालले. मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, लोखंडाची पूजा असते. शेतकरी अवजारं मांडतो, तोडणीवाला कोयता मांडतो, आणि आम्ही सर्व्हर मांडतो. वर्षभरात एकदाच, त्या दिवशी, सगळी मशीन बंद होतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. आणि पूजा झाली की प्रत्येक मशीन एकदा चालू करायचंच, एकही मुकं ठेवायचं नाही, अशी पद्धत. टेबलाखाली एक जुनं मशीन धूळ खात पडलं होतं. पूर्वी तारेवरून फाइल वाटायचं काम तेच करायचं. आमचे शिपाई नामदेवमामा वाकून म्हणाले, "सर, ह्येला कावून सोडलं? ह्यो बी म्हातारा हायच की आपल्यातला." मीच हसत हसत खाली बसलो. मीच अंगठ्यानं त्याच्या पाठीवर कुंकू लावलं, मीच त्याची तार खोचली, बटण मीच दाबलं. मग प्रसादाचे पेढे आले आणि ते बंद करायचं मी विसरून गेलो.

तासाभरात नवे सर्व्हर चालू केले, तर चौघांपैकी तीन बसले. मेनूवर येऊन, गप्प. चौथा उठला. परत बंद करून चालू केला तर तोही बसला. मग पहिला उठला. पुढच्या आठवड्यात ऑनलाइन परीक्षा, सगळ्या जिल्ह्यातली पोरं आमच्याकडे येणार, आणि सर्व्हरांचा हा लपंडाव. फाइल अस्सल आहे का ते बघणारी फर्मवेअरमधली सहीची तपासणी मी बंद केली, परत चालू केली. तारा बदलल्या. स्विच बदलला. मुख्य मशीनची एकेक सेटिंग डोळ्यात तेल घालून वाचली. सगळं जागच्या जागी. यंत्रं निर्दोष निघत गेली — आणि मग उरलं कोण?

मुख्य मशीनचा पासवर्ड तिघांकडे होता. मी, प्राचार्यांच्या कपाटातलं बंद पाकीट, आणि सविता.

एकदा संशयाचं बी पडलं की त्याला पाणी घालावं लागत नाही. ती फोन आला की बाहेर का जाते? हळू आवाजात कुणाशी बोलते? ती डबा खायला गेली तेव्हा दोन सर्व्हर बिनतक्रार उठले, ती आत आली तसे परत बसले — हा काय योगायोग? रविवारी कसला तरी क्लास लावलाय म्हणे, माझ्याच कामाचा. कायम झाली की माझ्या खुर्चीवर डोळा ठेवणार नाही कशावरून? दसऱ्याची सुट्टी असून ती कामाला आली. मला वाटलं, पुरावा पुसायला आली. ते फोन भावाचे होते, ट्रक कधी निघणार ते विचारायचे, हे मला फार नंतर कळलं.

त्या दसऱ्याच्या दुपारी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, आपलं मशीन बोलायच्या आधी दुसरंच कोनतरी उत्तर देतंय, आसं वाटतंय मला. म्या तारेवर ऐकून बघू का? लई वेळ न्हाई लागायचा."

बरोबर होतं तिचं. शंभर टक्के बरोबर. ज्याला या कामातलं कळतं तो पहिल्या तासात हेच बघतो, आणि मी दोन दिवस बघितलं नव्हतं. मला काय वाटलं असेल? लाज? नाही हो. माझ्या डोक्यात एकच आलं — हिला कसं माहीत?

मी नको म्हणालो. आणि ती खाली गेल्यावर प्राचार्यांना घरी फोन लावला. तिचं नाव घेतलं नाही मी. एवढंच म्हणालो की पासवर्ड तिघांकडे आहे, आणि बिघाड नेमका कुठे आहे ते त्या तिघांतल्या एकीला आधीच माहीत होतं. पुढचं त्यांचं त्यांनी जोडलं. तिच्या कायम होण्याचा कागद बाजूला पडला आणि आष्टीच्या शाळेत, संस्थेच्याच, हजेरीपट लिहायला तिची बदली झाली. बीडहून रोज जाऊन येण्यासारखं ते अंतर नाही, आणि तिथल्या तुटपुंज्या पगारात दोन मुलींना घेऊन राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांनी मला टेबलाखालचं जुनं मशीन चालू दिसलं. पण तोवर बदलीचं पत्र निघून गेलं होतं, आता बोलून काय उपयोग — असं मी स्वतःला सांगत आलोय. इतकी वर्षं.

थांबा. हे खरं नाही. इथवर आलोय तर हेही सांगतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, माझ्या टेबलावर एक चिठ्ठी होती. सविताचं अक्षर. मी नको म्हटलेलं असूनही ती तारेवर ऐकून आली होती. चिठ्ठीवर एका मशीनचा हार्डवेअर पत्ता, बारा अक्षरं, आणि खाली लिहिलेलं — सर, हे कोणाचं?

आधी राग आला. मग मी उठलो आणि एकेका मशीनच्या पाठीवरचं लेबल वाचत निघालो. शेवटी गुडघ्यावर बसून टेबलाखाली टॉर्च मारला. बाकीच्यांच्या पंख्यांच्या आवाजात त्याचा पंखा कधी ऐकूच आला नव्हता. वर सुकलेला झेंडू. लेबल वाचायला मला माझ्याच अंगठ्याचं कुंकू पुसावं लागलं. बारा अक्षरं तीच. ते बिचारं अजून जुनंच काम इमानानं करत होतं. हाक आली की मुख्य मशीनच्या आधी उत्तर द्यायचं, जुनी फाइल वाटायचं. मी तार उपटली. चारही सर्व्हर एका ओळीत उठले.

पत्रावर सही झाली चार वाजता. ऐकलंत ना? एक वाजता मला कळलं होतं, आणि सही चार वाजता झाली. तीन तास.

मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलोही होतो. सांगायलाच गेलो होतो — की तसं मला आता वाटतंय? तेही नक्की सांगता येत नाही, माझा माझ्यावरही विश्वास उरलेला नाही. त्यांनी मान वर केली. "सापडलं?"

मी म्हणालो, "हो सर. सेटिंग बदललेली होती. मी काढली शोधून."

"कुणी बदलली?"

मी खाली बघितलं. भला माणूस सहकाऱ्याचं नाव घ्यायला संकोचतो तसं बघितलं, आणि तसं दिसावं म्हणूनच बघितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बाहेर येताना मी स्वतःला भेकड म्हणालो नाही. सुटलो, असं वाटलं. हलकं वाटलं मला, चहा प्यायलो. संध्याकाळी ते जुनं मशीन माळ्यावर टाकलं, आणि नामदेवमामांना सांगितलं की भंगारात काढतोय.

चार दिवसांनी ट्रक निघाला. दोन्ही मुली त्यात होत्या.

सविताची गाठ नंतर एकदाच पडली, आष्टीच्या एसटी स्टँडवर. मी संस्थेच्या कामाला गेलो होतो. मी तोंड चुकवणार होतो, पण तीच समोर आली, वाकून नमस्कार केला. मुलींचं मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. धाकटी परत शाळेत बसवली. थोरलीची सुटली ती सुटलीच, आईच्या मागं मोळ्या बांधती. तिच्या आवाजात राग शोधत होतो मी. सापडला असता तर बरं वाटलं असतं. गाडी लागली, ती पिशवी उचलून निघाली, आणि पायरीवर थांबून तिनं विचारलं, "सर, त्ये टेबलाखालचं मशीन बंद केलं न्हवं?"

तिला सगळं माहीत होतं. चिठ्ठी लिहिली तेव्हाच माहीत होतं. पूजेला ती माझ्या शेजारीच तर उभी होती, ताट धरून. मशीन कोणाचं हे ती विचारत नव्हती, मी सांगतो का ते बघत होती.

माझ्याकडे तेव्हाही वेळ होता. कंडक्टर खाली उभा होता, गाडी निघायला अजून अवकाश होता.

मी म्हणालो, "कोणतं मशीन?"