भाऊजींनी दुर्बीण पसंत केली

आमच्या धाकट्या भाऊजींइतका चोखंदळ माणूस हैदराबादेत दुसरा नाही, आणि सिकंदराबाद धरलं तरी नाही. पेरू आणायला गेले तर गाडीवरचा प्रत्येक पेरू हातात घेऊन त्याची चौकशी करतात आणि "उद्या बघू" म्हणून रिकामी पिशवी घेऊन घरी येतात. लग्नाच्या वयात त्यांनी अकरा मुली पाहिल्या. एकीलाही नाही म्हटलं नाही, फक्त "अजून एक बघू" म्हणत राहिले, आणि तोवर अकराही जणी दुसरीकडे नांदायला गेल्या. पुण्याहून लग्न होऊन मी अंबरपेठेतल्या या घरात आले तेव्हा बाराव्या स्थळाची बोलणी चालू होती. मी जिवाचं रान केलं, पण तीही गेली. अशा माणसाने साठीला टेकल्यावर दुर्बीण घ्यायचं मनावर घ्यावं, म्हणजे घरच्यांचे काय हाल झाले असतील ते तुम्हीच ओळखा.

भाऊजी सरकारी खात्यात जन्मभर नकाशे काढून निवृत्त झाले, आणि आता त्यांना आमच्या परसातून ताऱ्यांचे फोटो काढायचे होते. मृग नक्षत्रात एक तेजोमेघ आहे म्हणे. नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपका दिसतो, पण फोटोत गुलाबी ढग उमलतो. तो एकदा तरी आपल्या हाताने टिपायचा, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी दोनशे पानी वही घातली. दुर्बिणींची नावं, गुण, दोष, आणि पुढे शेरे: "रूप उत्तम, पण अंगाने थोराड." "चारचौघींत उठून दिसेल, हवेचा त्रास सोसणार नाही." मी ती वही चोरून वाचली आणि हसून हसून पोळी करपवली. शेवटी एकदा म्हटलंच, "भाऊजी, घेऊन टाका हो एखादी! बाकीचं मागाहून जमेल."

"वहिनी," ते गंभीरपणे म्हणाले, "मुलगी बघायच्या आधी घराणं बघतात ना? तसं दुर्बिणीच्या आधी माउंट बघायचा."

माउंट म्हणजे दुर्बीण जिच्यावर बसते ती मोटरची तिकटी. आकाश फिरतं तशी ती हळूहळू फिरते, आणि जरा थरथरली की फोटोत ताऱ्यांच्या शेवया होतात. झालं, पुढचं वर्षभर घराण्याची चौकशी. कुकटपल्लीत एकाकडे वापरलेला माउंट होता. भाऊजी तिथे पाच वेळा गेले, पाच वेळा चहा पिऊन परत आले. सहाव्या खेपेला त्या घरची बाई वैतागून म्हणाली, "अण्णा, लेके जाओ, घर में रखके देखो, पर अब बस करो!" असा तो माउंट आमच्या घरी आला. दुर्बीण त्याच्या मागोमाग सात महिन्यांनी आली.

मग अंधाराचं खूळ. संध्याकाळ झाली की भाऊजी गल्लीत दारोदार फिरून बाहेरचे दिवे मालवायला सांगत. शेजारची तेलुगू आंटी बिचारी मालवायची. समोरचे चाचा मात्र गच्चीवरून ओरडायचे, "अजी, लाइट तो वैसेच रोज जाती, तब्बिच फोटो लेलो ना मियाँ!" भाऊजी त्यांना समजावून सांगत की लाइट गेली की माउंटची मोटरही थांबते. चाचा म्हणत, "फिर बैटरी लेलो." की पुन्हा बॅटरीची वही!

दसऱ्याला तर मीच घोळ घातला. खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. विळी झाली, मिक्सर झाला, ह्यांची स्कूटर झाली. नव्या दुर्बिणीला कसं वगळायचं? स्कूटरच्या दिव्याला लावतो तसं मी तिच्या भिंगाच्या मधोमध हळदकुंकवाचं ओलं बोट टेकवलं. ते ओघळायला लागलं म्हणून पदराने खसाखसा पुसलं. तेवढ्यात भाऊजी झेंडूची फुलं घेऊन आले. जागच्या जागी थिजले. मग एवढंच म्हणाले, "बरं झालं. आता ही घरची झाली." पुढे तीन दिवस ते कापसाचे बोळे घेऊन भिंगाशी बसले होते, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट ह्यांना सांगताना मी ऐकलं, "भिंगावरचा एवढासा डाग फोटोत येत नाही रे दादा." खरंखोटं देव जाणे. मला मेलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवाळीत आमचं घर बिल्डरला द्यायचं ठरलं. संक्रांतीपर्यंत रिकामं करायचं, आणि आम्ही कुकटपल्लीत सहाव्या मजल्यावर भाड्याने जायचं. तिथे कुठलं परस आणि कुठलं आकाश! हे कळल्यावर भाऊजींच्या खात्यातल्या एका जुन्या मित्राने शहराच्या पार बाहेरचं आपलं रिकामं घर देऊ केलं. मोठं अंगण, आसपास दिवा नाही, कायमचं येऊन राहा म्हणाला. भाऊजींनी तिसरी वही उघडली. इतकी वर्षं मी त्यांची टर उडवली, पण ते गेल्यावर मी बोलायचं कुणाशी? आमचे हे दिवसाला दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक "मीठ दे". आणि तसं सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? माणसाने जन्मात एक गोष्ट मागितली होती, तीही मी कुंकवाने माखून ठेवली.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला भाऊजी ते घर पारखायला चार दिवसांसाठी गेले. दुर्बीण रिक्षात, आणि मांडीवर माझ्या भाकऱ्या आणि लाडवांचा डबा. दुसऱ्याच दिवशी सकाळी परत हजर!

"बघा," म्हणून त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे धरला. अगंबाई! काळ्याभोर आकाशात तो गुलाबी ढग खरोखरच उमलला होता. डाग नाही, ओरखडा नाही. माझ्या डोळ्यांना धारच लागली. ती लपवायला मी कोरडेपणाने विचारलं, "मग? सामान कधी हलवायचं?"

"नाही जात."

"का? आकाश पसंत नाही पडलं?"

"आकाशाचं काय विचारता वहिनी, आकाशगंगा दिसते तिथून!" ते लॅपटॉप मिटत म्हणाले. "फोटो आला ना, तेव्हा मी जोरात हाक मारली, वहिनी, इकडे या, बघा! मग लक्षात आलं." लॅपटॉपची वायर गुंडाळू लागले. "फार अंधार आहे हो तिथे."

एवढा मोठा निर्णय त्या माणसाने वही न बघता घेतला.

आता आम्ही कुकटपल्लीत असतो. बाल्कनीतून दोन इमारतींच्या मधली हातभर फट दिसते. त्या फटीत एखादा तारा आला की भाऊजी हाक मारतात, आणि मी कणकेच्या हातांनी तशीच धावते. दुर्बिणीला डोळा लावते. बहुतेक वेळा मला काहीच दिसत नाही. तरी मी म्हणते, "किती सुरेख हो भाऊजी!"