आप्पासाहेबांची मॉरिस आणि उजव्या बाजूचे दोन जॉइंट

गॅरेजवाल्याकडे एवढे किस्से कुठून येतात, असं मला पुष्कळ जण विचारतात. त्यांना मी आमच्या जुन्या गॅरेजच्या फरशीचं सांगतो. रोज थोडं ऑइल सांडायचं आणि रोज कुणीतरी म्हणायचं, "उद्या पुसू." दहा वर्षांत खालची फरशी कुठल्या रंगाची होती तेच आम्ही विसरलो. किस्से असेच साठतात, कुणी पुसत नाही म्हणून. त्यातले हसायचे तेवढे मी लग्नाकार्यात सांगत आलोय. आज तुम्ही त्या मॉरिसचा विषय काढलात, तर आज न हसायचेही ऐका.

* * *

काष्टीला दौंडच्या रस्त्यावर मन्सूरचाचांचं गॅरेज होतं. चाचा उस्ताद, मी त्यांच्या हाताखालचा मिस्त्री. नव्वदनंतरची ती वर्षं. बाजाराच्या दिवशी जनावरं भरलेले टेम्पो रांगेनं उभे असायचे, कुणाचा क्लच गेलेला, कुणाचा पाटा मोडलेला. त्या गर्दीत महिन्यातून एकदा एक क्रीम रंगाची जुनी मॉरिस यायची. आप्पासाहेबांची.

आप्पासाहेब म्हणजे मोठे बागायतदार. आमचं गॅरेज ज्या जागेवर होतं ती जागाही त्यांचीच. कागद वगैरे काही नव्हता. ते एकदा "बसा" म्हणाले म्हणून आम्ही बसलो होतो, आणि एकदा "उठा" म्हणाले असते तर उठावं लागलं असतं.

मॉरिस त्यांनी पुण्याच्या एका म्हाताऱ्या वकिलाकडून आणली ती वरातीसाठी. तालुक्यात मोठं लग्न असलं की नवरदेव त्याच गाडीतून. आप्पासाहेब भाडं घेत नसत, मान घेत. मांडवात त्यांचं नाव स्पीकरवरून तीन वेळा पुकारलं गेलं की गाडीचं पोट भरलं.

आता या गाडीचं एक समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. पुढचं चाक एका उभ्या पिनवर वळतं. ती पिन खाली एका जॉइंटमध्ये स्क्रूसारख्या आट्यांवर फिरते, आणि पुढचा बराचसा भार त्या आट्यांवर येतो; गाडी डावीकडं वळली की उजव्या चाकाच्या, उजवीकडं वळली की डाव्याच्या. वेळच्या वेळी ग्रीस मिळालं तर जॉइंट वर्षानुवर्षं चालतो. नाही मिळालं तर आटे झिजतात, चाक हलायला लागतं, त्याला आम्ही 'प्ले आला' म्हणतो. आणि तरीही दुर्लक्ष केलं तर एक दिवस पिन निसटते आणि चाक आडवं होतं.

चाचांनी पहिल्यांदा प्ले दाखवला तेव्हा आप्पासाहेबांनी गाडीला नुकताच नवा रंग दिला होता.

"साहेब, रंगाच्या आदी जॉइंट बघायला पायजे हुता."

"जॉइंट दिसतो का कुनाला?"

"मानसाची हाडंबी दिसत न्हाईत, साहेब."

आप्पासाहेब खळखळून हसले. चार जणांना त्यांनी तो विनोद सांगितला. पुढच्या वर्षी पुन्हा रंग दिला.

* * *

गाडीवरचा ड्रायव्हर एकनाथ. पाथर्डीकडचा. त्याच्या घरचे सगळे दिवाळी झाली की ऊसतोडीला निघायचे. त्यानंही सात हंगाम कोयता चालवलेला. आप्पासाहेबांच्या उसात टोळी आली असताना त्यानं एकदा भरलेली ट्रॉली अरुंद बांधावरून उलटी काढली, ते त्यांनी पाहिलं आणि त्याला ठेवून घेतलं. वस्तीवर एक खोली दिली. दोन पोरी काष्टीच्या शाळेत जायला लागल्या.

"आमच्या घरात कोयता खुंटीला टांगनारा मी पयला," एकनाथ म्हणायचा. फार बोलणारा माणूस नव्हता तो, पण हे वाक्य तो दर महिन्याला एकदा तरी बोलायचा. नोकरी गेली तर खोली जाणार आणि खोली गेली की पोरींची शाळा जाणार, हा हिशेब त्यानं कुणाला समजावून सांगितला नाही. सांगायची गरजही नव्हती.

एका बाजाराच्या दिवशी तो ग्रीसिंगला आला. माझ्या मागं दहा टेम्पो लागलेले. मी गाडी जॅकवर न घेताच ग्रीसगन लावली आणि चार स्ट्रोक मारले. ग्रीस बाहेर आलं, छान चकचकीत दिसायला लागलं. मी म्हटलं, झालं, जा.

एकनाथ गेला नाही. त्यानं स्वतः जॅक लावला, चाक जमिनीवरून उचललं आणि म्हणाला, "आता मार."

"अरे, आत्ता तर मारलं!"

"भार असतानी ग्रीस जिकडं मोकळं हाय तिकडनं निघून जातं. जिथं घासतंय तिथं जातच न्हाई. तूच मागं सांगितलं हुतं."

सांगितलं होतं खरं. पलीकडे चाचा टेम्पोखाली आडवे होऊन काम करत होते. तिथूनच त्यांचा आवाज आला, "शिवा, उद्यापासून गाडी तू चालव. गॅरेज त्याला देऊ."

* * *

झिजलेला जॉइंट कुईकुई करतो. आप्पासाहेबांना तो आवाज एका वरातीत ऐकू आला. व्याही मंडळींनाही ऐकू आला, म्हणून जास्त लागला. त्यांनी एकनाथला झापलं, "स्टिअरिंग नीट धरत जा."

एकनाथनं हात जोडून सांगितलं की आवाज जॉइंटचा आहे, तो बदलायला हवा, नाहीतर मोठ्यांदा बोलेल एक दिवस.

आप्पासाहेबांनी आठ दिवसांत बंदोबस्त केला. नगरला गाडी पाठवून तिच्यात कॅसेट प्लेअर बसवला! मागं दोन मोठे स्पीकर. आवाज बंद. म्हणजे ऐकू येणं बंद.

चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एकनाथला विचारलं, "ब्रेक खराब झाल्यावर काय बसवनार हायेत, टीव्ही?"

* * *

एकनाथची एक सवय होती. वरात निघायच्या आधी तो पुढच्या चाकासमोर गुडघे टेकायचा, एक हात टायरवर वरून, एक खालून, आणि चाक मागंपुढं हलवून प्ले किती वाढलाय ते बघायचा. आधी एका चाकाशी, मग दुसऱ्या.

एका लग्नात बायकांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, ड्रायव्हर गाडीच्या पाया पडतोय. दोघीतिघी पुढं आल्या, चाकाला हळदकुंकू वाहिलं, टायरपुढं नारळ ठेवला. नवरदेवाच्या आजीनं एकनाथला टोपी आणि टॉवेल दिला. "लई भाविक मानूस हाय," म्हणाली.

आप्पासाहेबांना हे इतकं आवडलं, की पुढं प्रत्येक लग्नात ते वऱ्हाडाला थांबवायचे. "थांबा, आमच्या ड्रायव्हरला पाया पडू द्या." एकनाथ गुडघे टेकायचा, चाक हलवायचा. महिन्यामहिन्याला प्ले वाढत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. हा किस्सा मी पूर्वी सांगायचो तेव्हा लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो.

* * *

शेवटी चाचांनी लकडाच लावला, तेव्हा आप्पासाहेबांनी भाच्याला मुंबईला पाठवलं. जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात तिथं दोन दिवस हिंडून त्यानं दोन जॉइंट आणले. नवेकोरे, मेणकागदात गुंडाळलेले. चाचांनी कागद सोडला, आट्यांवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"दोन्ही उजवे हायेत."

भाच्याला कळेना. दोन्ही अगदी सारखे तर होते. तेच तर चुकलं होतं. या गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूंचे आटे एकमेकांच्या उलटे असतात. सारखे दिसणारे दोन आणले म्हणजे एका बाजूचेच आणले.

तरी चाचा म्हणाले, "हरकत न्हाई. उजवी बाजूच जास्त गेलीय. एक बसवून घेतो, डाव्याचं बघू मागनं."

आप्पासाहेबांना ते पटलं नाही. "एक नवा, एक जुना? आपल्या गाडीला शोभतं का? डावा मिळाला की दोन्ही एकदमच बसवू."

"साहेब, आत कोन बघतंय?"

"मला म्हाईत असंल ना."

एवढं बोलून त्यांनी ते दोन्ही जॉइंट पुन्हा मेणकागदात गुंडाळले, घरी नेले आणि कपाटात ठेवले. एकनाथनं नंतर दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा द्यायला गेला तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "गाडी चालवायची भीती वाटत असंल तर तसं सांग. मानसं लई हायेत." त्यानंतर त्यानं विषय काढला नाही. फक्त चाकासमोर गुडघे टेकून राहायचा, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

* * *

तुळशीचं लग्न होऊन माणसांची लग्नं सुरू झाली होती. शेजारच्या गावात वरात होती. मागं नवरदेव, करवली आणि तीन मामा, बॉनेटवर चार पोरं, कॅसेट प्लेअर टिपेला. एकनाथनं पोरांना उतरवायला सांगितलं तर कुणी ऐकलं नाही. मांडवासमोर त्यानं गाडी अगदी चालत्या माणसाच्या वेगानं डावीकडं वळवली आणि उजवं चाक आत दुमडलं. गाडी त्या बाजूला बसली. पोरं घसरून खाली पडली, कुणाला खरचटलंही नाही. नवरदेवाचा फेटा तेवढा मामाच्या मांडीवर गेला. शूटिंगवाल्यानं सगळं टिपलं. पुढं ती व्हिडिओ कॅसेट घरोघरी फिरली.

स्पीकरवरून आप्पासाहेबांचं नाव त्या दिवशी पुकारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजवर आले. बरोबर पाचसहा मानकरी. गाडी ट्रॅक्टरनं ओढून आणलेली. एकनाथ मागं उभा होता. चाचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नगरला गेले होते, म्हणून मी एकटाच.

"शिवा, तू मिस्त्री हायेस. सगळ्यांसमोर सांग," आप्पासाहेब म्हणाले. "खोट गाडीत हुती का चालवनाऱ्यात?"

नवा जॉइंट त्यांच्या कपाटात होता, हे त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. एकनाथला तर होतंच. मी वर पत्र्याकडं पाहिलं. तो पत्रा कुणाच्या जागेवर उभा आहे, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं.

"गाडीत काय न्हवतं, साहेब. वळन जोरात घेतलं असंल."

मी त्या लग्नाला गेलोही नव्हतो.

आप्पासाहेबांनी एकनाथकडून किल्ली घेतली आणि माझ्या हातात दिली. "दुसरा मानूस मिळंपातूर तूच बस गाडीवर." संध्याकाळी त्यांनी मेणकागदातला एक जॉइंट पाठवून दिला. मी तो उजव्या बाजूला बसवला. एक नवा, एक जुना. आता शोभत होतं.

* * *

चाचा चार दिवसांनी आले, एका डोळ्याला हिरवी पट्टी. कुणीतरी त्यांना रस्त्यातच सगळं सांगितलं होतं. मला म्हणाले, "काढलेला जॉइंट दे."

मी दिला. आतले आटे पार गेले होते, बोट घातलं तर गुळगुळीत लागत होतं. त्यांनी तो उजेडात धरला.

"मला एका डोळ्यानं दिसतंय, शिवा. तुला दोन हुते."

जॉइंट त्यांनी परत माझ्या हातात ठेवला. पण आप्पासाहेबांच्या वस्तीवर जाऊन खरं काय ते सांगायला चाचाही गेले नाहीत. मी वाट बघत होतो, ते जातील आणि माझं ओझं उतरेल म्हणून. जागा त्यांनाही हवी होती. मला त्यांचा राग आला, आणि तो राग यायचा मला काही अधिकार नव्हता, हेही कळत होतं. आजही तेवढंच कळतं.

* * *

त्याच आठवड्यात मला मॉरिस घेऊन श्रीगोंद्याला एका लग्नाला जायचं होतं. सकाळी मी गॅरेजसमोर गाडी पुसत होतो. आप्पासाहेबांनी फुलांच्या माळा आधीच पाठवल्या होत्या.

कारखान्याकडं निघालेला तोडकऱ्यांचा एक ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला. मागं भांडीकुंडी, गोधड्या, शेळ्या, बाजेचे पाय. त्या सगळ्यावर एकनाथची बायको बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पोरी. धाकटीच्या अंगात अजून शाळेचा निळा फ्रॉक होता. एकनाथ खाली उतरला आणि रस्ता ओलांडून माझ्याकडं यायला लागला.

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. तो मला शिव्या देणार, कदाचित मारणार, असं मला वाटलं. मनातून तर त्यानं मारावं असंच वाटत होतं. काय म्हणायचं, तेही मी चार दिवस ठरवत होतो. जागेचं सांगायचं, चाचांच्या डोळ्याचं सांगायचं, माझ्या घरच्यांचं सांगायचं.

तो गाडीपाशी थांबला. माळांकडं पाहिलं, मग पुढच्या चाकांकडं. ट्रकवाल्यानं हॉर्न मारला.

"उजवीकडं वळतानी हळू घे, शिवा," तो म्हणाला. "डावा अजून जुनाच हाय."