जाळे नसलेल्या घरातला कात

१९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एकदा, दिवाळी उलटल्यावर, रत्नागिरीच्या बंदराजवळच्या वस्तीत मासे विकणारी एक बाई सकाळी घरात मृत आढळली. वय तिशीच्या आतबाहेर. घरात धाकटी बहीण होती. मामाने ठाण्यावर वर्दी दिली आणि मृत्यूचे कारण ताप सांगितले. सिव्हिल सर्जनच्या मते मृत्यू अफूने झाला होता.

मी तेव्हा शहर ठाण्याचा फौजदार होतो. मृत बाईला पोलीस लाइनीत सगळे ओळखत. ती रोज टोपली घेऊन येई आणि गणवेशाला दबत नसे. मी एकदा टोपलीतला सरंगा मासा निरखीत बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा म्हणाली, "डोळे कशाला वटारताव साहेब? मेलेला हाय तो. कबुली नाय देणार."

बाप समुद्रात बुडाला तेव्हा धाकटी रांगत होती. आईही लवकर गेली. थोरलीने बापाची होडी आणि जाळी विकली, टोपली उचलली आणि त्या टोपलीवर बहिणीला वाढवले. स्वतः लग्न केले नाही. दोन वर्षांपूर्वी घाटीच्या चढावर पाय घसरून तिची मान दुखावली. दुखण्यावर कोणीतरी अफूची गोळी दिली. पुढे गोळीशिवाय टोपली डोक्यावर चढेना.

गोळी कुठून येते, हे वस्तीत कोणी सांगेना. शेवटी एका खलाशाने खबर दिली की, बंदरावरचा एक व्यापारी परवान्याशिवाय अफू विकतो. त्याचे दुकान होड्यांना लागणाऱ्या सामानाचे होते : दोर, डांबर, राळ आणि कात. कात उकळून त्यात सुती जाळी बुडवतात, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाहीत. पंच घेऊन आम्ही दोनदा झडती घेतली. काही मिळाले नाही.

दुसऱ्या झडतीनंतर धाकटी ठाण्यावर आली. केळशीच्या एका तांडेलाच्या, होडी चालवणाऱ्या प्रमुखाच्या, मुलाशी तिची सोयरीक ठरली होती. लग्न माघात व्हायचे होते. मामाने ताप सांगितला तो त्यासाठीच. ती दारातच उभी राहून बोलली.

"ताप नव्हता. ताई गोळी खायची. त्याच दुकानातनं आणायची."

"तू पाहिलंस?"

"मी सोबत जायची. ती कात मागायची, तो काताची वडी द्यायचा."

"कात तर सगळेच नेतात."

"आमच्या घरात जाळं कुठं हाय, साहेब?"

त्याच दिवशी तिसरी झडती झाली. या वेळी काताच्या गोण्या पालथ्या करून प्रत्येक वडी फोडली. एका गोणीच्या तळाशी काही वड्या निघाल्या, त्यांना वरून काताचा लेप होता. आत अफू होती.

व्यापारी चौकशीत शांत होता. खोटे बोलणारा माणूस बहुधा फार बोलतो. हा मोजकेच बोलला. "गोणी चिपळूणहून येते. आत काय आहे ते मला ठाऊक नाही."

"जाळं नसलेल्या बाईला तुम्ही कात कशासाठी दिलात?"

"पानाला लागतो. बायका पान खातात."

आमचे जमादार पानाचे शौकीन. त्यांनी चंची सोडली, पानाला चुना लावला आणि लेप असलेल्या वडीचा तुकडा त्यात ठेवून विडा पुढे केला. "घ्या शेठ. तुमच्याच दुकानचा माल."

त्याने हात पुढे केला नाही. मग पाणी मागितले आणि माल कोणत्या मालवाहू मचव्यातून उतरतो ते सांगितले.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. गोणीतल्या मालाची त्याला माहिती होती, हे सिद्ध करायला धाकटीची साक्ष हवी होती. हे कळताच केळशीचा तांडेल ठाण्यावर आला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

"फौजदारसाहेब, पोरीला कोर्टात उभी करू नका. बहीण अफूबाज होती म्हणून चारचौघांत बोलली, तर मी गावात कुठल्या तोंडानं सून नेऊ?"

मी धाकटीला बोलावून त्याच्यासमोर विचारले. साक्ष द्यायची की नाही, ते तिने ठरवायचे होते.

ती तांडेलाला म्हणाली, "बाबा, मी बोलली नाय तर तो उद्या दुसरीला वडी देईल. तुमाला नको असेल तर नका नेऊ."

"पोरी, विचार कर गो."

"केला."

कोर्टात बचावाच्या वकिलांनी तिला तासभर उभे ठेवले. शेवटी त्यांनी विचारले, "तुझी बहीण व्यसनी होती, हे खरं ना?"

"खरं. आणि तिनं मला वाढवलं, तेपण खरं. दोन्ही लिवा."

वकिलांनी हरकत घेतली. मॅजिस्ट्रेटनी दोन्ही वाक्ये लिहून घेतली.

आरोपीला सक्तमजुरीची शिक्षा झाली. अपिलात ती कायम राहिली. अफू आणणाऱ्या त्या मचव्याचा प्रमुखही पुढे मालासह पकडला गेला.

केळशीहून सोयरीक मोडल्याचा निरोप निकालापूर्वीच आला होता. साखरपुड्याचे लुगडे धाकटीने निरोप आणणाऱ्या माणसाबरोबरच परत पाठवले. माझी बदली होऊन मी रत्नागिरी सोडली, तेव्हा ती बाजारात मासे विकत होती. तिचे लग्न झालेले नव्हते.