आठवीची भरती, दहावीची छाटणी

बाबनराव हेडाऊ हे इतवारीमागच्या कोष्टी वस्तीतले पहिले पदवीधर आणि एका अनुदानित माध्यमिक शाळेतले गणिताचे शिक्षक. त्यांचे चरित्र सांगणे म्हणजे त्या शाळेची पचनक्रिया सांगणे होय. ती किळसवाणी आहे. तिला सौम्य शब्द शोधण्याची माझी तयारी नाही.

आपल्याकडे शाळा खाजगी संस्थेची, पगार सरकारचा. पुरेशी मुले असली तर तुकडी मान्य होते, आणि तुकडी आहे तोवरच शिक्षक आहे. तुकडी तुटली की सर्वांत कनिष्ठ शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि जिल्ह्यात कुठेही फेकला जातो. म्हणून मे महिन्याच्या उन्हात पदवीधर माणसे गल्लोगल्ली मुले मागत हिंडतात. बाबनराव कनिष्ठ होते. १९७५च्या उन्हाळ्यात ते सखूबाई या विणकर विधवेच्या दारी गेले. तिची थोरली, तारा, सातवी होऊन घरी बसली होती.

“पोरगी शाळेत गेली त ताण्याले खळ कोन लावन?” सखूबाईने विचारले. मागावर चढवण्याआधी सूत गल्लीत लांबवर ताणून त्याला खळ लावतात. ते एकट्याचे काम नव्हे.

“त्या दिवशी नाही आली तरी चालते, वैनी. हजेरीचं मी पाहून घेतो.”

तारा आली, तुकडी वाचली. बाबनरावांनी शब्दही पाळला. ताण्याच्या प्रत्येक दिवशी तारा कागदोपत्री हजर राहिली आणि बीजगणित तिच्यावाचून पुढे गेले. नववीतून तिला ढकलण्यात आले, कारण दहावीच्या तुकडीलाही डोकी हवी होती.

दहावीत मात्र शाळेची भूक बदलते. तिला आता टक्के हवे असतात. शाळेमार्फत बसलेल्यांचाच निकाल शाळेच्या नावावर लागतो. म्हणून बोर्डाचे अर्ज भरण्यापूर्वी कच्च्या मुलांच्या हाती दाखला ठेवून त्यांना ‘बाहेरून’ बसायला सांगतात. पालकाचा अर्ज तेवढा घेतात, म्हणजे सारे स्वेच्छेने घडले असे दिसते.

“हेडाऊ, भरती तुमची होती, छाटणीही तुम्हीच करा,” मुख्याध्यापक गोपाळराव म्हणाले.

“दोन महिने द्या, सर. ताराचं गणित करून घेतो.”

“आणि नाही झालं तर? निकाल पडला की पुढच्या वर्षी पोरं कोण देईल तुम्हाला?”

बाबनराव निघाले. गल्लीत ताणा पसरलेला. मायलेकी दोन बाजूंनी कुंचे फिरवत होत्या. खळ वाळण्याआधी थांबता येत नाही, म्हणून गुरुजी त्यांच्यासोबत चालत बोलले.

“बाहेरून म्हंजे?”

“शाळेत यायचं नाही. घरी अभ्यास करायचा. परीक्षा तीच.”

“काहून? पोरीनं का केलं?”

“गणित कच्चं आहे.”

“घ्या! तुमीच त म्हनले होते, ताण्याच्या दिवशी नाही आली त चालते!”

“ते हजेरीपुरतं होतं, वैनी.”

“गुरुजी,” तारा म्हणाली, “मले नर्स व्हायचं हाय. दहावी लागते तिथं. शाळेत नाही त घरी कोन शिकवन? तुमी?”

बाबनराव दोन गल्ल्यांपलीकडे राहत.

“वेळ मिळाला की,” ते म्हणाले आणि खिशातून अर्ज काढला.

“दे वं माय आंगठा. गुरुजीले घाम फुटून राहिला.”

सखूबाईचा अंगठा खळीने चिकटलेला, ठसा उमटेना. बाबनरावांनी स्वतः तिच्या हातावर लोट्याने पाणी घातले आणि पुसायला आपला रुमाल दिला. दुसऱ्या खेपेला ठसा स्वच्छ आला. तारा त्या वर्षी परीक्षेला बसली नाही, नंतरही नाही. संपूर्ण व्यवहारात कोणी आवाज चढवला नव्हता. आपल्या शिक्षणव्यवस्थेची सभ्यता ती हीच.

अर्ज घडी करून खिशात घालताना त्यांची नजर ओट्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेल्या धाकटीकडे गेली.

“ही यंदा सातवीत नं, वैनी? मे महिन्यात येतो मी.”

सखूबाईने कुंचा खळीत बुडवला.

“सरका गुरुजी. कपडे खराब होतीन.”